टाकीतला दगड जिवंत ठेवायचा कसा? खाऱ्या पाण्यातल्या ‘लाइव्ह रॉक’च्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय



आपली माणसं गोड्या पाण्याची. हिडकलचा जलाशय असो, वेदगंगा-दूधगंगेचं पात्र असो नाहीतर गावचा तलाव असो, रोहू-कटला कुठल्या पाण्यात फुगतो आणि कुठल्या पाण्यात तोंड वर काढतो हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. पण हल्ली निपाणी-बेळगाव भागातही खाऱ्या पाण्याची शोभेची टाकी ठेवणारे हौशी दिसू लागलेत. टाकी बिघडली की ते पहिल्यांदा आपलंच दार वाजवतात. “तुम्ही मासेवाले, बघा की जरा, दगडाला वास सुटलाय.” आणि किनाऱ्यावर ज्यांची होडी आहे त्या आपल्या पाहुण्यांकडे दुसरीच मागणी जाते. “समुद्रातनं चार दगड आणून द्या की.”

या दोन्ही गोष्टींची उत्तरं आज एकत्र देतोय. थोडक्यात सांगायचं तर दगड समुद्रातून आणायचा नाही, तो टाकीतच जिवंत करायचा. आणि एकदा जिवंत केला की त्याला दम द्यायचा, घाई करायची नाही. दगडाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ घाईतच असतं.

■ लाइव्ह रॉक म्हणजे नक्की काय?

नावावरून दगडच जिवंत आहे असं वाटतं. तसं नाही. दगड म्हणजे प्रवाळाचा जुना सांगाडा किंवा त्यासारखाच सच्छिद्र चुनखडीचा तुकडा. जिवंत असतात ते त्याच्या अंगावर आणि पोटात राहणारे सूक्ष्म जीव.

आपल्या तळ्याचा विचार करा. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजलेला पाला हे सगळं तळाच्या चिखलात जातं आणि तिथले जीवाणू ते पचवतात. काचेच्या टाकीत चिखल नसतो. चिखलाचं काम तिथं दगड करतो.

काम तीन टप्प्यांत चालतं. विष्ठेतून आणि माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. या दोघांना भरपूर प्राणवायू लागतो. तिसरा टप्पा दगडाच्या आत, जिथं प्राणवायू पोचत नाही अशा बारीक छिद्रांत होतो. तिथले जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. म्हणून दगड सच्छिद्र हवा. गुळगुळीत काळा पत्थर टाकीत ठेवला तर बिघडत नाही, पण आतलं काम तो करू शकत नाही.

खाऱ्या पाण्यात अमोनियाची भीती जास्त का, तेही समजून घ्या. पाण्याचा पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी शंभरात एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. खाऱ्या टाकीचा पीएच 8.1 ते 8.4 असतो. तिथं शंभरात सात-आठ भाग विषारी होतात. शेततळ्यात अमोनिया वाढलेला असताना भरमसाट चुना टाकला की मासे का मरतात, त्याचं कारणही हेच. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत जे खपून जातं, ते खाऱ्यात खपत नाही.

■ समुद्रातला दगड का नको?

होडी असलेल्या कुटुंबांनी हा भाग नीट वाचावा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली प्रवाळांचा समावेश झाला. खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखा हे सगळे त्यात येतात. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. “मेलेलाच दगड आहे, त्याला काय होतंय” असं म्हणून चालत नाही, कारण प्राण्यापासून मिळालेला भागही कायद्याच्या कक्षेत येतो. अनुसूची 1 च्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षं कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 25,000 रुपये दंड आहे. शिवाय गुन्ह्यात वापरलेलं वाहन किंवा होडी जप्त होऊन सरकारजमा होऊ शकते. चार दगडांच्या पैशात होडी घालवायची का, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यात प्रवाळ आहे. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ आहे, आपल्या कर्नाटकात मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ आहे. अशा खडकांच्या आडोशाला लहान मासळी वाढते. तांबोशी, गोबरा ही खडकाळ भागातली मासळी. खडक उचलला की त्या पिल्लांचं घरच गेलं. मग पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार?

दुकानात कुणी “परदेशी लाइव्ह रॉक आहे” म्हणून विकत असेल तर कागद मागा. प्रवाळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे निर्बंध आहेत. कागद नसेल तर लांबूनच नमस्कार.

■ मग दगड आणायचा कुठून? घरीच करायचा!

प्रवाळ मागण्याऐवजी कोकणातल्या पाहुण्यांकडे तिसऱ्यांची आणि कालवांची रिकामी टरफलं मागा. खाऊन टाकून दिलेला माल आहे, त्याला बंधन नाही. टरफल म्हणजे शुद्ध चुनखडीच.

कृती अशी:

1. टरफलं धुऊन, उकळून, कडक उन्हात आठवडाभर वाळवा. मांसाचा कण राहता कामा नये. मग कुटून घ्या. काही चुरा तांदळाएवढा, काही खडीएवढा ठेवा.

2. एक माप साधं ओपीसी किंवा पांढरं सिमेंट, तीन मापं टरफलांचा चुरा, दीड माप जाडं खडे मीठ असं कोरडंच मिसळा. राख मिसळलेलं सिमेंट घेऊ नका.

3. पाणी अगदी कमी. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी सुटता कामा नये. हातात रबरी मोजे घाला, सिमेंट कातडी खातं.

4. घमेल्यात ओली वाळू भरून त्यात वेडेवाकडे खड्डे करा आणि माल त्यात सैल टाका. चोपून बसवू नका. मध्ये बोट घालून आरपार भोकं ठेवा. लोखंडी तार किंवा सळी आत घालायची नाही, गंजून लोह पाण्यात उतरतं.

5. दोन दिवसांनी काढा, ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा.

6. मग साध्या पाण्याच्या पिंपात बुडवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. मीठ विरघळून निघून जातं आणि दगडात छिद्रं पडतात. हे काम सहा ते आठ आठवडे चालतं.

दगड तयार झाला हे कसं ओळखायचं? स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवून पीएच मोजा. 8.5 च्या वर जात नसेल तर तयार. वर जात असेल तर सिमेंटचा चुना अजून सुटतोय, आणखी भिजवा.

घराजवळचा जांभा दगड सच्छिद्र दिसतो म्हणून मोह होतो. पण त्यात लोह भरपूर असतं, आणि लोह हे शेवाळाचं खत. तो नको. कुठलाही अनोळखी दगड असेल तर त्यावर लिंबाचे चार थेंब टाका. फसफसला तर चुनखडी आहे. नाही फसफसला तर दगडात चुना नाही, तो बाजूला ठेवा.

100 लिटरच्या टाकीला साधारण 10 ते 12 किलो दगड पुरतो. ढीग लावू नका, कमानीसारखा रचा. पाणी दगडाच्या चहूबाजूंनी फिरलं पाहिजे. आणि दगड थेट काचेच्या तळावर टेकवा, वाळू नंतर घाला. वाळूवर ठेवलेला दगड खालून मासा उकरतो आणि दगड कोसळून काच फुटते.

■ आधी पाणी बघा

दगडाच्या निम्म्या तक्रारी पाण्यातून येतात.

ऊस-तंबाखूच्या शेताजवळच्या बोअरच्या पाण्यात खताचा नायट्रेट उतरलेला असू शकतो. त्या पाण्यात सिलिका आणि क्षारही असतात. नळाचं पाणी, मग ते राकसकोपचं असो की हिडकलचं, क्लोरीन घालून येतं, आणि क्लोरीन जीवाणू मारण्यासाठीच असतं. म्हणून आरओचं पाणी वापरा. घरच्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते, ती बंद करून घ्या. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं.

मीठ स्वयंपाकाचं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं पुष्कळ काही असतं. मत्स्यटाकीसाठी मिळणारं समुद्री मिश्रण घ्या. लिटरला सुमारे 35 ते 38 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरला साडेतीन ते पावणेचार किलो. मीठ वेगळ्या बादलीत विरघळवा, दगडावर ओतू नका. क्षारता 35, म्हणजे घनता 1.025-1.026 आली पाहिजे.

“चोर्ला नाहीतर आंबोली घाट उतरून समुद्राचं पाणीच आणू” असं कुणी म्हणेल. पण शंभर लिटर पाणी शंभर किलोंपेक्षा जड. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नद्यांच्या पुरानं गोडसर आणि गढूळ होतं, आणि बंदराजवळच्या पाण्यात डिझेलचा तवंग असतो. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली समुद्राला लागूनच सुरू झालं होतं, त्याला समुद्राचं पाणी घेणं सोयीचं होतं. घाटमाथ्यावर मिश्रणच बरं.

■ दगड पिकवणं : चार ते सहा आठवडे

नवा दगड पांढरा आणि निर्जीव असतो. तो पिकवावा लागतो. खाऱ्या पाण्यात ठेवा, पंप चालू, पाणी 25 ते 27 अंश, दिवा बंद. मासे नाहीत.

जीवाणूंना पहिलं अन्न म्हणून बोटाएवढ्या कच्च्या कोळंबीचा तुकडा जाळीत बांधून सोडा आणि आठवड्यानं काढा. किंवा शुद्ध नवसागर वापरा. 100 लिटरला सुमारे 0.6 ग्रॅम घातला की अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास येतो. एवढं कमी वजन सोनाराच्या काट्यावरच करा. बाजारचा भेसळीचा नवसागर नको. ओळखीच्या माणसाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू आणा, दह्याच्या विरजणासारखी लागते.

आधी अमोनिया वाढेल आणि उतरेल. मग नायट्राइट वाढेल आणि उतरेल. शेवटी नायट्रेट दिसू लागेल. परीक्षा अशी: पुन्हा तेवढाच नवसागर घाला. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर दगड पिकला. मग अर्धं पाणी बदला आणि एकच मासा सोडा. दुसरा मासा पंधरा दिवसांनी. जीवाणू अन्नाच्या प्रमाणात वाढतात, एकदम सहा मासे सोडले तर सहा माशांची घाण ते पचवू शकत नाहीत.

■ तक्रार आणि उपाय

● दगडाला कुजका वास येतोय, पाणी पांढुरकं झालंय.
दगडावरचे जीव मरून कुजतायत. जुन्या टाकीतला दगड उन्हात किंवा कोरडा आणला की असं होतं. मासे असतील तर आधी मासे दुसऱ्या खाऱ्या पाण्यात हलवा. दगड वेगळ्या टबात खाऱ्या पाण्यात, जोराच्या पंपाखाली ठेवा. काळे, बुळबुळीत भाग दात घासायच्या नव्या ब्रशनं घासून काढा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. वास गेला आणि अमोनिया शून्य आला की मगच टाकीत घ्या.

● अंड्यासारखा घाण वास आणि काळे डाग.
हा हायड्रोजन सल्फाइड. दगडाखाली किंवा वाळूत पाणी फिरत नाही. वाळू एकदम उकरू नका, विष एकदम बाहेर येईल. थोडा थोडा भाग नळीनं ओढून घ्या आणि पंपाची दिशा बदला.

● दगडावर तपकिरी भुकटी बसली.
पहिल्या दोन महिन्यांत ही येतेच. हे डायटम, पाण्यातल्या सिलिकावर जगतात. आरओचं पाणी वापरत असाल तर आपोआप जातं. औषध नको.

● हिरवं केसाळ शेवाळ.
नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त झालंय. हातानं उपटून टाकीबाहेर काढा. खाद्य निम्मं करा. दोन मिनिटांत खाल्लं जाईल एवढंच घाला. गोठवलेलं खाद्य आधी गाळणीत धुऊन घ्या. दिवा दिवसाला 6 ते 8 तास. खिडकीचं ऊन थेट टाकीवर नको. जुन्या दगडात फॉस्फेट मुरलेला असतो आणि तो महिनोन् महिने सुटतो. अशा वेळी पाणी बदलत राहणं आणि धीर धरणं हाच उपाय.

● लाल-जांभळा बुळबुळीत थर, चादरीसारखा निघतो.
हे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. प्रवाह मंद असलेल्या जागी येतो. नळीनं ओढून काढा, तिथं पंपाचा झोत वळवा, तीन दिवस दिवा बंद ठेवा. अँटिबायोटिकची गोळी फोडून टाकू नका. ती लाल थराबरोबर दगडातले कामाचे जीवाणूही मारते.

● तपकिरी शेंबडासारखा थर, त्यात हवेचे बुडबुडे.
हे बहुधा डायनोफ्लॅजेलेट. गंमत म्हणजे पाणी अतिस्वच्छ झालं, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले की हे माजतात. इथं पाणी बदलण्याचा सपाटा थांबवा, खाद्य थोडं वाढवा, थर नळीनं काढत राहा.

● चार महिने झाले, दगड जांभळा होत नाही.
जांभळा रंग कोरलाइन शेवाळाचा. तो दगडाच्या आरोग्याची एकमेव खूण नाही. पांढरा दगडही आपलं काम करत असतो. कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आणि क्षारता स्थिर असेल तर रंग हळूहळू येतो. बी म्हणून निरोगी टाकीतला लहानसा रंगीत तुकडा लागतो.

● काचेसारखी पारदर्शक फुलं उगवलीत, वाढतच चाललीत.
हे एप्टेशिया, समुद्रफुलाची एक जात. डंख मारून शेजारचे जीव मारते. कधीही चिरडू नका, एका तुकड्यातून पुन्हा नवीन उगवतं. पंप पाच मिनिटं बंद करा. खायचा शुद्ध चुना, वास-रंग न घातलेला, आरओच्या पाण्यात दाट कालवा आणि सुई काढलेल्या सिरिंजनं फुलाच्या तोंडावर सोडा. एका वेळी तीन-चारच, नाहीतर पीएच वर जातो. पेपरमिंट नावाची लाल पट्ट्यांची कोळंबी हे खाते.

● दगडातून केसाळ अळी बाहेर येते.
बहुतेक वेळा ही सफाई कामगार आहे, उरलेलं खाद्य खाते. राहू द्या. फार झाल्या तर खाद्य जास्त पडतंय असं समजा. नुसत्या हातानं धरू नका, केस टोचतात. टोचले तर चिकटपट्टी लावून ओढा.

● रात्री दगडातून टक-टक आवाज येतो, मासे कमी होतायत.
आवाज पिस्तूल कोळंबीचाही असतो, ती गरीब असते. पण मासे आणि खेकडे गायब होत असतील तर मँटिस कोळंबी असू शकते. दगडाचा तो तुकडा ओळखून गोड्या पाण्यात काही मिनिटं धरला की ती बाहेर पडते. बोट घालून शोधायला जाऊ नका, फटका जोराचा असतो.

● नायट्रेट खाली येतच नाही.
दगड कमी, मासे जास्त, किंवा दगडाची छिद्रं गाळानं बुजलीत. आठवड्यातून एकदा दगडावर पंपाचा झोत मारून गाळ उडवा आणि लगेच नळीनं ओढून घ्या.

● लाइट गेली.
पावसाळ्यात हे ठरलेलंच. पंप थांबला की दगडावरच्या जीवाणूंना आणि माशांना प्राणवायू मिळत नाही, काही तासांतच परिणाम दिसतो. सेलवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवा. तो नसेल तर तांब्यानं पाणी उचलून वरून ओतत राहा. खाद्य अजिबात नको. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं की आधीच प्राणवायू कमी असतो, तेव्हा जास्त जपा. पंखा लावला तर पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं. म्हणून भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही.

■ हे कधीही करू नका

दगड उकळू नका. “गरम पाण्यात घातला की जंतू मरतील” असं वाटणं साहजिक आहे, पण हा सगळ्यात धोक्याचा उद्योग आहे. जुन्या किंवा दुसऱ्याकडून आणलेल्या दगडावर झोअँथिड नावाचे छोटे बटणासारखे जीव असू शकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. उकळताना किंवा गरम पाण्यानं घासताना ते वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर श्वासात जातं. मार्च 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हन्टन गावात एकानं टाकीतला प्रवाळ साफ केला, आणि घरातली सहा माणसं आजारी पडून दवाखान्यात गेली. मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही तपासणीसाठी न्यावं लागलं. आपल्याकडे तर चूल आणि मुलं एकाच खोलीत. म्हणून लक्षात ठेवा, दगड पाण्याबाहेर घासायचा नाही, मोजे आणि चष्मा घालायचा, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालायचाच नाही. साफ केल्यानंतर कुणाला ताप, खोकला, धाप, तोंडाला कडू चव असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना टाकीबद्दल सांगा.

मोरचूद घालू नका. तळ्यात शेवाळ मारायला आपण ते वापरतो. पण दगड तांबं शोषून धरतो आणि पुढं महिनोन् महिने सोडतो. कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल सगळं मरतं. माशाला तांब्याचं औषध द्यायचं असेल तर मासा वेगळ्या टबात हलवा.

तंबाखूचा हात टाकीत घालू नका. हे खास आपल्या निपाणी भागासाठी. निकोटीन हे मुळात किडे मारणारं विष. तंबाखू मळलेला किंवा विड्या वळलेला हात आरओच्या पाण्यानं, साबण न लावता, दोन-तीनदा चोळून धुवा, मगच टाकीत घाला. आणि टाकीच्या खोलीत डासांची कॉइल किंवा फवारा नको.

■ ज्यांना यातून जोडधंदा करायचाय

क्लाउनफिशसारखे समुद्री शोभेचे मासे आता बंदिस्त टाकीत पैदास करता येतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र विकसित केलंय. मासा हॅचरीतला आणि दगड घरी पिकवलेला असेल तर समुद्रातून काहीच ओरबाडायची गरज राहत नाही. टरफलं आपल्याला मिळतात, वाट बघायची सवय आपल्या धंद्यातच आहे. घरातल्या बायाबापड्यांना, पोरांना मिळून महिन्याला दोन घमेली दगड सहज करता येतील.

फक्त दोन गोष्टी पाळा. न पिकलेला दगड “तयार आहे” म्हणून कुणाला देऊ नका, एका गिऱ्हाइकाचे मासे मेले की पुढचे दहा येत नाहीत. आणि कुणी कितीही पैसे दाखवले तरी समुद्रातला दगड हातात धरू नका.

दर आठवड्याला एवढंच बघा: क्षारता 35, पीएच 8.1 ते 8.4, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पंप चालू. आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. बिघाड झाला की वहीची मागची दोन पानं उलटा, कारण बहुधा तिथंच सापडतं.

ही माहिती किनाऱ्यावरच्या होडीवाल्या पाहुण्यांनाही पाठवा. दगडाची मागणी आली तर त्यांनी काय उत्तर द्यायचं, ते त्यांना आधीच ठाऊक असू द्या.